गज एका हातात, तार दुसऱ्या हातात: स्पर्शसंवेदी कीबोर्डवरच्या एका चेलोचं प्रकरण

माझ्या एका मैत्रिणीने एका लघुपटासाठी साडेतीन मिनिटांची रचना केली होती. एक चेलो (गजाने वाजणारं, व्हायोलिनहून मोठं आणि खालच्या आवाजाचं तंतुवाद्य), एक ओबो आणि दोन हॉर्न ही फुंकवाद्यं, आणि त्यांच्या खाली व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत तंतुवाद्यांचा ताफा. लय संथ, मिनिटाला ५८ मात्रा, एकूण ५० बार (चार मात्रांचा एक बार). सुरुवातीचे १६ बार चेलो जवळजवळ एकटाच. प्रत्यक्ष वाद्यवृंद बसवणं शक्य नव्हतं. सगळं सॅम्पल लायब्ररीवर, म्हणजे खऱ्या वादकांनी वाजवलेल्या एकेका स्वराच्या रेकॉर्डिंगच्या संग्रहावर, करायचं आणि जमलंच तर शेवटी एखाद्या चेलोवादकाकडून तेवढा भाग वाजवून घ्यायचा, असं ठरलं होतं.

पहिली आवृत्ती तिने साध्या कीबोर्डवर वाजवली. आवाजाचे चढउतार नंतर माउसने रेषा ओढून भरले. ऐकताना बोट ठेवायला जागा नव्हती. स्वर बरोबर, मात्रा बरोबर, चढउतार गुळगुळीत. दिग्दर्शकाचा निरोप एका ओळीचा आला: चेलो कुणी वाजवतंय असं वाटत नाही.

मग तिने स्पर्शसंवेदी कीबोर्ड आणला, मऊ सलग पृष्ठभागाचा. यंत्राचं आणि लायब्ररीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे जे बिघडलं त्यात दोष त्या दोघांचा नव्हता. आठवडाभराने तिने दुसरी आवृत्ती पाठवली आणि खाली लिहिलं, "आधीचीच बरी होती का रे?"

होती. नव्या आवृत्तीतला चेलो होडीत बसून वाजवल्यासारखा डुलत होता. प्रत्येक स्वर नव्याने सुरू होत होता, जणू वादक दर वेळी गज तारेवरून उचलतोय आणि पुन्हा टेकवतोय. प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला आवाज क्षणभर खड्ड्यात जाऊन वर येत होता. खालच्या ताफ्याला तर ताप भरल्यासारखा कंप. या तक्रारींची मुळं एकमेकांत गुंतलेली होती आणि ती सुटी करायला आम्हाला तीन आठवडे लागले. हे टिपण त्या तीन आठवड्यांचं.

यंत्र काय काय ऐकतं

साध्या कीबोर्डची पट्टी दाबली की दोनच गोष्टी कळतात: कोणती पट्टी आणि किती वेगाने दाबली. सोडल्याचं कळतं ती तिसरी, तिचा उपयोग क्वचितच होतो. स्पर्शसंवेदी कीबोर्ड त्यापुढे, स्वर चालू असताना बोट काय करतंय ते ऐकत राहतो. बोट डावी-उजवीकडे हललं की स्वराची उंची बदलते. खाली दाबलं की जोर बदलतो. पट्टीवर पुढे-मागे सरकलं की सहसा आवाजाचा रंग बदलतो. आणि हे सगळं प्रत्येक बोटाचं वेगळं. पाच बोटांनी पाच स्वरांची संगत, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, धरून त्यातल्या एकाच स्वराला मींड द्यायची तर इथे देता येते.

या घराण्यातली यंत्रं आता बरीच झाली आहेत. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या लिपोल्ड हॅकन यांचा कंटिन्युअम सर्वांत जुन्यांपैकी. रोलीचा सीबोर्ड २०१३ साली आला. रॉजर लिन यांचा लिनस्ट्रुमेंट २०१४चा, त्याला पट्ट्या नाहीतच, चौकोनी घरांची जाळी आहे. एक्स्प्रेसिव्ह ई कंपनीच्या ऑस्मोसमध्ये दिसायला नेहमीच्याच पट्ट्या, पण त्या बाजूला हलतात आणि तळाशी पोचल्यावरही आणखी दाबता येतात.

अडचण होती ती हे सगळं पुढे पाठवायची. १९८३ साली मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना वादनाचे संदेश पाठवायची ठरलेली भाषा, आलं तेव्हा पिचबेंड, म्हणजे स्वराची उंची वाकवणारा संदेश, संपूर्ण चॅनलचा होता. एका चॅनलवर चार स्वर चालू असतील तर चौघेही एकदम वाकणार. चॅनल मिळून सोळाच. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई, म्हणजे मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन, या पद्धतीने त्यावर सोपा उतारा काढला: प्रत्येक नव्या स्वराला वेगळा चॅनल द्यायचा. पहिला चॅनल सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे पेडल वगैरे, आणि उरलेले पंधरा स्वरांसाठी. बोटाची आडवी हालचाल पिचबेंडने जाते, दाब चॅनल प्रेशरने आणि पुढे-मागे सरकणं सीसी ७४ ने (सीसी म्हणजे क्रमांक दिलेले नियंत्रणाचे संदेश). २०२०च्या मिडी २.० मध्ये हेच काम चॅनलची कसरत न करता होऊ शकतं, पण आमच्या हातातली लायब्ररी त्या जगातली नव्हती. खरं तर ती एमपीईच्याही जगातली नव्हती. वाद्यवृंदाच्या बऱ्याच लायब्रऱ्यांची रचना एकाच चॅनलवर वाजवणाऱ्या माणसाला धरून झालेली असते: जोरासाठी मॉड्युलेशन व्हील, म्हणजे सीसी १, एकूण आवाजासाठी सीसी ११, आणि वादनाचा प्रकार बदलायला खालच्या सप्तकातल्या काही पट्ट्या.

स्वर तुटत का होते

मी तिच्याकडे आधी रेकॉर्डिंग मागितलं नाही, प्रोजेक्टची फाइल मागितली. गेलेल्या संदेशांची यादी उघडली आणि पहिलं कोडं तिथल्या तिथे सुटलं. तिने कुठेतरी वाचलं होतं की लायब्ररीला एमपीई कळत नसेल तर तिच्या अनेक प्रती उघडाव्यात, दोन नंबरच्या चॅनलला एक, तीनला एक, याप्रमाणे. सल्ला खोटा नाही. तिने एकल चेलोच्या आठ प्रती उघडल्या होत्या.

आता सॅम्पल लायब्ररीत लिगाटो, म्हणजे स्वर न तुटता जोडून वाजवणं, कसा चालतो ते पाहा. वादकाने एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मधला जो सांधा वाजवला तो वेगळा रेकॉर्ड केलेला असतो, जवळपास प्रत्येक अंतरासाठी. पहिली पट्टी सुटण्याआधी दुसरी दाबली गेली, म्हणजे दोन स्वर एकमेकांवर चढले, की लायब्ररी समजते: हा सांधा आहे. मग ती तो तुकडा मध्ये वाजवते. पण इथे पहिला स्वर चॅनल २ वर गेला आणि दुसरा चॅनल ३ वर. चॅनल ३ वरच्या प्रतीला पहिल्या स्वराचा पत्ताच नाही. तिच्या दृष्टीने तो नवा कोरा स्वर, म्हणून तिने नव्या गजाची सुरुवात वाजवली. आठ चेलोवादक रांगेत बसलेत आणि प्रत्येक जण एकेक स्वर वाजवून थांबतोय, असा तो प्रकार होता.

उपाय दोन मिनिटांचा: एकल वाद्यासाठी यंत्र एका चॅनलवर आणायचं आणि लायब्ररीची एकच प्रत ठेवायची. एका वेळी एकच स्वर वाजणार असेल तर प्रत्येक बोटाला वेगळा चॅनल देण्यात काही मिळत नाही, उलट लिगाटो जातो. जवळजवळ सगळ्या स्पर्शसंवेदी कीबोर्डांत ही सोय असते, फक्त ती शोधून चालू करावी लागते. मैत्रिणीला हे फारसं आवडलं नाही. "म्हणजे ज्यासाठी हे घेतलं तेच बंद करायचं?" ती म्हणाली. प्रश्न रास्त होता, पण उत्तर यायला अजून वेळ होता.

डुलणारा चेलो

होडीचं कोडं जास्त रंजक निघालं.

एमपीईमध्ये स्वराच्या चॅनलचा पिचबेंड ठरीव रीतीने दोन्ही बाजूंना ४८ अर्धस्वरांचा असतो, म्हणजे वर चार सप्तकं आणि खाली चार. पिचबेंडच्या १६,३८४ पायऱ्या ९६ अर्धस्वरांत वाटल्या तर एका अर्धस्वराला सुमारे १७० पायऱ्या येतात. कानाला तेवढ्या पुरतात. मात्र पाठवणारा आणि घेणारा, दोघांचाही आकडा एकच हवा. इथे यंत्र ४८ धरून बसलेलं आणि लायब्ररी २ धरून. बोट अख्ख्या अर्धस्वराएवढं सरकवलं तरी चेलोचा स्वर त्याच्या चोविसाव्या हिश्श्याएवढाच हलणार, म्हणजे ऐकूच येणार नाही. काही होत नाही म्हणून तिने लायब्ररीतला आकडा १२ केला. आता हालचाल एक चतुर्थांश झाली. ऐकू येऊ लागली, पण ऐकू यायला बोट चौपट हलवावं लागलं. आणि मऊ पृष्ठभागावर बोट एवढं रुंद हलवायचं तर ते जलद हलत नाही. तंतुवादकांचा कंप सेकंदाला साधारण पाच ते सात आंदोलनांचा असतो. तिचा तीनवर आला होता. होडी ती हीच.

दोन्हीकडे १२ केल्यावर बोटाची एक पट्टी म्हणजे एक अर्धस्वर झाला. होडी थांबली, पण आता उलटंच झालं: कंप फार मोठा. यामागे निव्वळ अंतराचं गणित आहे. पियानोच्या मापाचं एक सप्तक साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एका अर्धस्वराला जेमतेम १४ मिलिमीटर. पूर्ण आकाराच्या चेलोच्या तारेची वाजती लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. मोकळ्या तारेपासून पहिला अर्धस्वर त्यावर जवळजवळ ३९ मिलिमीटर दूर असतो. बोटाचा तोच डोल, तेवढाच मोठा, पण कीबोर्डवर त्याने स्वर जवळजवळ तिप्पट हलतो. शिवाय चेलोवर वर जाल तशी अंतरं आक्रसत जातात, कीबोर्डवर ती सगळीकडे सारखी. हाताच्या सवयीची नक्कल इथे चालत नाही, कानावर विसंबून नवी सवय लावावी लागते. तिने यंत्रातली आडव्या हालचालीची संवेदना कमी केली आणि बोट सरकवायचं सोडून जागच्या जागी टेकलेलं ठेवून मनगटातून हलवायला शिकली. रोज वीसेक मिनिटं, एकच लांब स्वर, दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी कंप सुरेल झाला. पहिला आठवडा शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला जड गेला असणार.

तरीही काहीतरी खुपत होतं. कंप कधी गडद व्हायचा, कधी विरायचा, आणि तो बोटाच्या मनाने चालत नव्हता. कारण साधं होतं, मला ते सुचायला मात्र दोन दिवस लागले: लायब्ररीतल्या चेलोने रेकॉर्डिंगच्या वेळीच कंपासह वाजवलं होतं. त्यावर आमच्या बोटाचा कंप. दोन्हींची गती थोडी वेगळी, त्यामुळे ती एकमेकांत मिसळत आणि सुटत होती. मग कंपाशिवाय रेकॉर्ड केलेला पॅच, म्हणजे लायब्ररीतला तयार ध्वनिसंच, उघडला. तो ऐकायला इतका कोरा लागतो की पहिल्यांदा कोणीही बंद करेल. पण बोटाला जागा द्यायची तर आवाज कोराच हवा.

कोऱ्या पॅचमुळे एक गोष्ट आपोआप मिळाली. चांगला चेलोवादक लांब स्वर बऱ्याचदा सरळ सुरू करतो आणि कंप मागाहून उमलू देतो. माउसने हे करता येत नाही असं नाही, पण कोणी करत नाही. बोट मात्र ते न सांगता करतं, कारण टेकल्यावर स्थिरावायला त्यालाही क्षण लागतो.

मींडेच्या बाबतीत आमचे हात पोळले. तेविसाव्या बारमध्ये नऊ अर्धस्वरांची एक वर जाणारी मींड होती. बोट पृष्ठभागावरून सरकवत नेलं तर यंत्राने ती सुंदर पाठवली, पण लायब्ररीतला चेलो टेप जलद फिरवल्यासारखा वाजला. सॅम्पल वाकवलं की त्याबरोबर चेलोच्या पेटीची घुमणही वाकते. खऱ्या वाद्यात तार सरकते, पेटी तिथेच असते. तीस-चाळीस सेंटच्या कंपात हे कोणाच्या लक्षात येत नाही (शंभर सेंटचा एक अर्धस्वर), नऊ अर्धस्वरांच्या प्रवासात लपत नाही. पर्याय म्हणून आम्ही भौतिक प्रतिमानावर चालणारा चेलो लावून पाहिला. त्यात सॅम्पल नसतात, तार आणि पेटी यांचं वागणं गणिताने घडवलेलं असतं. मींड लोण्यासारखी गेली. पण त्याचा आवाज तिच्या ताफ्याशेजारी बसेना, किंचित कोरडा वाटे. तिचं मत वेगळं होतं, तिला तो चालला असता. अखेर लायब्ररीतच रेकॉर्ड केलेली मींड वापरली, जी हळू दाबल्यावर सुरू होते. निर्णय माझा आणि तो बरोबर होता याची मला आजही पूर्ण खात्री नाही.

मुळाशी

आता राहिला होता तो खड्डा. प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला आवाज खाली जाऊन वर येणं.

दाबाचा संदेश सीसी १ ला जोडलेला होता, म्हणजे बोट जितकं खोल तितका चेलो मोठा. ऐकायला अगदी नैसर्गिक वाटतं. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना काय होतं? पहिलं बोट सैल पडतं, दुसरं नुकतंच टेकलेलं असतं, त्याचा दाब शून्यापासून वाढायला लागतो. त्या क्षणी लायब्ररीला ऐकू येतं: जोर गेला. काही मिलिसेकंदांनी: जोर आला. दर स्वराला एक उचकी. आम्ही दाबाचा आलेख बदलला, संदेश थोडा उशिराने आणि गुळगुळीत करून पाठवला. उचकी बारीक झाली, गेली नाही. गुळगुळीतपणा आणखी वाढवला तर जोर बोटाच्या मागे रेंगाळायला लागला.

मग मी तिला विचारलं, चेलोवर जोर कोणत्या हातात असतो?

उजव्या. गजाच्या. डावा हात तारेवर स्वर शोधतो, कंप देतो, आणि बोट बदलताना गज तारेवर तसाच चालू राहतो. जोर आणि स्वर ही दोन कामं दोन वेगळ्या हातांची आहेत, म्हणूनच एक बदलताना दुसरं अखंड राहू शकतं. आम्ही ती दोन्ही एकाच बोटाला दिली होती. बोट बदललं की गजही बदलत होता. यंत्राची अख्खी जाहिरात ज्यावर उभी असते, एकाच बोटात सगळं, तेच इथे नडत होतं.

गंमत म्हणजे हे कोडं फार जुनं आहे आणि ते सोडवणारा माणूस स्वतः चेलो वाजवणारा होता. मॉरिस मार्तेनो या फ्रेंच माणसाने १९२८ साली ओंद मार्तेनो हे विजेवर चालणारं वाद्य लोकांसमोर आणलं. त्याच्या पुढच्या रूपांत पट्ट्या बाजूला हलतात, कंप उजव्या हाताच्या बोटाने द्यायचा. पण आवाज बोटाच्या दाबाने येत नाही. डाव्या हाताशी एक वेगळी कळ असते, ती दाबली तर आवाज, सोडली तर शांतता. उजव्या हाताने कितीही स्वर बदलले तरी डाव्या हातातला जोर अखंड. ऑलिव्हिए मेसियाँ यांच्या १९४९ साली पहिल्यांदा वाजलेल्या 'तुरंगालीला' सिंफनीत हे वाद्य अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर गातं. मार्तेनोने गज आणि तार वेगळे ठेवले. शंभर वर्षांनी आम्ही ते परत एकत्र करून उचक्या मोजत बसलो होतो.

मार्तेनोसारखी कळ आमच्याकडे नव्हती. एक्स्प्रेशन पेडल होतं. ते सीसी १ ला जोडलं, बोटाचा दाब चेलोसाठी पूर्ण बंद केला. उजव्या हाताकडे स्वर आणि कंप एवढंच. गज पायाखाली. पहिल्याच टेकमध्ये उचक्या गेल्या. पायाने बारीक चढउतार करायला सराव लागतो, पाय तसा आडमुठा अवयव आहे. तिने चौथ्या-पाचव्या दिवशी पेडल सोडून डाव्या हाताखाली एक सरकपट्टी घेतली आणि त्यावर ती जास्त रमली. ज्यांना फुंकेची सवय आहे त्यांना फुंकेने जोर ठरवणारा ब्रेथ कंट्रोलर जास्त मानवेल. १९८३च्या यामाहा डीएक्स७ या सिंथेसायझरला त्यासाठी वेगळं भोक होतं, तेव्हा तीही नवी कल्पना नाही.

दाब आम्ही नंतर थोडा परत घेतला, पण वेगळ्या कामाला: खोल दाबलं तर गजाची खरखर किंचित वाढावी. दाब शून्य झाला तरी स्वर तुटत नाही, म्हणून इथे उचकी येत नाही. असली छोटी कामं बोटाला द्यावीत.

बाकीची वाद्यं

ओबोसाठी हाच हिशेब. श्वास अखंड, बोटं बदलती. डाव्या हाताची सरकपट्टी आणि अगदी थोडा कंप. एका बैठकीत झालं.

हॉर्नना आम्ही स्वर हलवायची परवानगीच दिली नाही. वाद्यवृंदातला हॉर्न सहसा सरळ स्वर वाजवतो. आडवी हालचाल बंद, जोर सरकपट्टीवर. दोन्ही हॉर्न वेगवेगळे वाजवून घेतले.

ताफ्याने मात्र मैत्रिणीच्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं, ज्यासाठी हे घेतलं तेच बंद करायचं का?

तापाच्या कंपाचं कारण तोवर उघड झालं होतं. पहिल्या व्हायोलिनच्या विभागात चौदा-सोळा वादक बसतात. त्यांचे कंप एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते जुळत नाहीत म्हणूनच विभागाचा आवाज रुंद आणि मखमली लागतो. त्या रेकॉर्डिंगवर एका बोटाने कंप दिला की सोळा जण एका सुरात, एका क्षणी डुलतात. असं जगातला कोणताही ताफा करत नाही. म्हणून ताफ्यासाठी पिचबेंड मुळातच गाळून टाकला.

दाब मात्र ठेवला, आणि प्रत्येक स्वराचा वेगळा ठेवला. मधल्या भागात, एकोणतिसाव्या बारपासून, पाच स्वरांच्या संगती आहेत आणि त्यांच्या पोटात व्हायोलाची एक ओळ हळूच वर येते. साध्या कीबोर्डवर मॉड व्हील फिरवलं की सगळी संगत एकदम फुगते. इथे तिने उजव्या हाताचं एकच बोट खोल दाबलं, आणि मधला स्वर वर आला, बाकीचे तिथेच. ती दोनदा वाजवून हसली. यासाठी लागल्या होत्या तशाच आठ प्रती, दोन ते नऊ चॅनलवर, जशा चेलोचा घात करत होत्या. ताफ्यात संगत बदलताना बऱ्याचदा गजही बदलला जातो, त्यामुळे प्रत्येक स्वराची नवी सुरुवात इथे खटकत नाही. आणि सगळ्या प्रतींत एकच संपूर्ण ताफ्याचा पॅच असल्याने कोणता स्वर कोणत्या चॅनलवर पडतो याला महत्त्व नाही. यंत्र चॅनल रिकामे होतील तसे वाटत जातं, व्हायोलाला ठरलेला चॅनल मिळेल ही आशा ठेवू नये. प्रती वेगवेगळ्या वाद्यांच्या असत्या तर घोळ झाला असता. मेमरी भरपूर खाल्ली, तेवढं सोसलं.

सदतिसावा ते चाळिसावा बार तुटक, उसळत्या गजाचे आहेत. ते तिने सरळ जुन्या, वजनदार पट्ट्यांच्या कीबोर्डवर वाजवले. मऊ पृष्ठभागावर जलद तुटक स्वरांना बोटाखाली ठाम तळ सापडत नाही आणि मात्रा सांडतात. तुटक स्वर टेकवल्या क्षणी संपतो, मग नंतर काय ऐकायचं?

दुरुस्तीचा एक चटका सांगायलाच हवा. अशा वादनात प्रत्येक स्वरामागे कंप आणि दाब नोंदवणाऱ्या बिंदूंचा दाट थवा येतो. तिने सवयीप्रमाणे सगळे स्वर मात्रेवर ओढून घेतले. स्वर सरकले, कंपाचे बिंदू जागेवर राहिले, आणि प्रत्येक स्वराच्या तोंडाशी आधीच्या स्वराचा कंप चिकटला. काही सॉफ्टवेअरमध्ये हे बिंदू स्वराला बांधलेले असतात, क्युबेस या संगीत-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०११ पासून आहे. तिच्याकडच्या मांडणीत नव्हती. त्यानंतर तिने चेलोच्या स्वरांना हात लावला नाही. चुकलं की बार पुन्हा वाजवायचा. लिगाटोच्या सांध्यामुळे येणारा उशीर भरायला अख्खा ट्रॅक थोडा आधी ओढला, बस.

तिसरी आवृत्ती दिग्दर्शकाला गेली. त्याने ध्वनीबद्दल काहीच लिहिलं नाही, फक्त चित्राचा एक तुकडा दोन सेकंदांनी लांबवला आहे, संगीत तेवढं वाढवून हवं, एवढंच. आम्ही ती पसंतीच धरली.

दरम्यान चेलोवादक मिळाला. तिने त्याला कागदावरची स्वरलिपी आणि आमचं रेकॉर्डिंग दोन्ही पाठवलं. त्याने ते ऐकलं आणि फोनवर पहिला प्रश्न विचारला: नवव्या बारपासूनचा लांब स्वर, तो एका गजात आहे का? तिने पाहिलं. तीन बार, ५८च्या लयीत सुमारे साडेबारा सेकंद, आणि शेवटाकडे जोर वाढत वाढत पूर्ण फोर्टेपर्यंत, म्हणजे खणखणीत आवाजापर्यंत. सरकपट्टीला टोक नसतं, गजाला असतं. मंद आवाजात गज पुरवून पुरवून वापरता येतो, पण एवढा जोर द्यायचा तर तो अर्ध्या वाटेतच संपतो. "तुम्ही वाजवलंय छान," तो म्हणाला, "पण हा माणूस गज कुठे वळवतो ते मला ऐकू येत नाही."

त्याचं रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी होणार होतं आणि तोवर चित्रपटाला आमचाच चेलो लागलेला राहणार होता. तिने त्याला विचारून स्वरलिपीत गज वळायच्या खुणा करून घेतल्या, एकंदर अकरा. मग ती पुन्हा यंत्रासमोर बसली. प्रत्येक खुणेपाशी सरकपट्टी किंचित खाली आणि लगेच वर, बोट तिथेच टेकलेलं. नववा बार चौथ्या टेकमध्ये लागला.